पट्टा आधी, ध्वज मागाहून



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला प्रतिवर्षी भरते, त्यांच्या नावाला साजेसा विषय म्हणजे राज्यघटना, संतवाङ्मय किंवा फार तर इतिहाससंशोधन, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. आणि मी सौंदर्यस्पर्धांवर बोलणार हे कळल्यावर चालकांपैकी एकदोघांच्या मुद्रेवर जी सौम्य चिंता उमटली, तिचे मूळही त्याच समजात असावे. ती चिंता सर्वस्वी दूर करण्याचे आश्वासन मला देता येत नाही. राष्ट्राला राष्ट्र म्हणून मान्यता कोण देतो, ती मागण्यासाठी कोणाला पुढे करावे लागते आणि तिचे मोल अखेर कोणाच्या पदरी पडते, हे प्रश्न लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये १९७० साली एका संध्याकाळी जितके उघडेवाघडे दिसले, तितके ते तहनाम्यांच्या दफ्तरांतही क्वचितच दिसतात, एवढीच माझी कैफियत आहे.

त्या संध्याकाळी ज्या देशाचे नाव गाजले, तो देश तेव्हा देशच नव्हता. कॅरिबियन समुद्राच्या आग्नेय अंगाला ग्रेनाडा नावाचे बेट आहे. कॅरिआकू आणि पेटिट मार्टिनिक ही त्याची लहान भावंडे जमेस धरली तरी एकूण क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर भरते, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईच्या निम्म्याहून काहीसे अधिक. लोकवस्ती त्या काळी लाखाच्या आत होती. अठराव्या शतकात हा मुलूख फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेला. ऊसमळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबले. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर मळेवाल्यांना मजुरांची टंचाई भासू लागली, तेव्हा १८५७ च्या मे महिन्यात, इकडे उत्तर हिंदुस्थानात उठाव पेटण्याच्या सुमारास, कलकत्त्याहून निघालेले ‘मेडस्टोन’ नावाचे जहाज करारबद्ध हिंदी मजूर घेऊन तेथे लागले. पुढे मळ्यांत ऊस मागे पडून जायफळ आले. ते मूळचे बांदा बेटांचे, पण ग्रेनाडाला असे मानवले की इंडोनेशियाच्या खालोखाल जगाला जायफळ पुरवणारा मुलूख म्हणून त्याची ख्याती झाली. आज त्याच्या राष्ट्रध्वजावरही जायफळाचे फळ आहे.

हा ध्वज मात्र १९७० साली नव्हता. १९६७ पासून ग्रेनाडा हे ब्रिटनशी संलग्न असे एक ‘सहयोगी राज्य’ होते. अंतर्गत कारभार बेटावरच्या मंत्रिमंडळाकडे, तर संरक्षण आणि परराष्ट्रव्यवहार लंडनकडे, अशी ती वाटणी. या वाटणीचा व्यवहारातला अर्थ असा, की ग्रेनाडाला कोणत्याही राजधानीत आपली वकिलात उघडता येत नव्हती, संयुक्त राष्ट्रांच्या सभेत बसता येत नव्हते, युद्ध पुकारता येत नव्हते आणि तहही करता येत नव्हता. सौंदर्यस्पर्धेला मात्र आपली प्रतिनिधी पाठवता येत होती! तिथे सार्वभौमत्वाची सनद कोणी मागत नव्हते. खांद्यावरून कमरेपर्यंत रेशमी पट्टा असला आणि त्यावर देशाचे नाव असले म्हणजे पुरत असे. सोव्हिएत संघ आणि अमेरिका यांच्यासारख्या सत्तांची जी पायरी संयुक्त राष्ट्रांच्या घटनेने निदान कागदावर तरी सर्वांना समान केली, तीच पायरी मेक्का नावाच्या एका नृत्यगृहे चालवणाऱ्या कंपनीने आपल्या रंगमंचावर करून दाखवली होती, आणि तीही अधिक स्वस्तात.

या कंपनीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९५१ साली ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ नावाचा राष्ट्रीय महोत्सव भरला, त्याच्या आनुषंगिक करमणुकीत या कंपनीच्या एरिक मोर्ले या कल्पक गृहस्थाने पोहण्याच्या पोशाखातील युवतींची एक स्पर्धा योजली, तिला वृत्तपत्रांनी ‘मिस वर्ल्ड’ हे नाव दिले आणि स्वीडनची किकी हाकान्सन पहिली ठरली. एका हंगामासाठी मांडलेला हा खेळ दूरचित्रवाणीच्या उदयाबरोबर वार्षिक शिरस्ता बनला. कंपनीने आपला खेळ देशोदेशींच्या लोकांना मक्त्याने देऊ केला. ज्याने मक्ता घेतला त्याने आपल्या देशात निवड करावी, प्रवासखर्च, कपडेलत्ते आणि सोबतीची व्यवस्था करावी आणि मुलीला नोव्हेंबरात लंडनला आणून उभी करावी, असा एकंदर बंदोबस्त. मोठ्या देशाच्या दृष्टीने ही एक लहानशी व्यापारी उलाढाल. लहान देशात मात्र मक्तेदार, पर्यटन खाते, एकमेव वृत्तपत्र आणि मुख्यमंत्र्यांचे बिऱ्हाड ही सारी एकाच गल्लीत असल्यामुळे तीच उलाढाल सरकारी मोहिमेचे रूप घेते.

ग्रेनाडाचे त्या वेळचे मुख्यमंत्री, त्यांच्या भाषेत ‘प्रीमियर’, एरिक गेरी हे अशा मोहिमांचे पट्टीचे सेनापती होते. त्यांचे चरित्र थोडे विस्ताराने सांगण्याचा मोह मला आवरत नाही. गरीब घरात जन्मलेला हा मनुष्य आधी शाळामास्तर, मग अरुबा बेटावरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात कामगार. तेथून परत आल्यावर त्याने मळ्यांतल्या मजुरांची संघटना उभारली आणि १९५१ साली असा संप घडवला की पेटलेल्या मळ्यांच्या उजेडावरून बेटावर त्या दिवसांना ‘लाल आकाश’ हेच नाव पडले. मळेवाल्यांच्या ओसरीवर ज्यांना उभेही राहता येत नसे, त्यांना या माणसाने मजुरीची वाढ आणि मान वर करण्याची सवय, दोन्ही मिळवून दिली. ही त्याची पुण्याई विसरून त्याच्या पुढच्या पापांचा हिशेब मांडणे मला न्यायाचे वाटत नाही. पापांचा हिशेबही अर्थात लांब आहे. सरकारी तिजोरीची उधळपट्टी केल्याच्या आरोपावरून १९६२ साली इंग्रज सरकारने चौकशी बसवली, राज्यघटना तहकूब केली आणि गेरींना बडतर्फ केले. १९६७ साली ते लोकांच्या मतांवर पुन्हा निवडून आले. आणि १९७० साली त्यांच्या विरोधकांच्या पाठीत लाठ्या घालणारी एक खाजगी फौज बेटावर फिरू लागली, जिला लोक ‘मुंगूस टोळी’ म्हणत. याच वर्षाच्या २० नोव्हेंबरला पांढऱ्या पोशाखाची आवड असलेले हे गृहस्थ मिस वर्ल्ड स्पर्धेच्या नऊ पंचांपैकी एक म्हणून, जोन कॉलिन्स ही नटी आणि ग्लेन कॅम्पबेल हा गायक यांच्या पंक्तीला, अल्बर्ट हॉलमध्ये स्थानापन्न झाले. आणि ग्रेनाडाची स्पर्धक जेनिफर होस्टन पहिली आली.

सट्टेवाल्यांच्या भावांत स्वीडनची युवती आघाडीवर होती. ती चौथी ठरली. निकाल जाहीर होताच सभागृहाबाहेर जमलेले लोक स्वीडनच्या नावाचा घोष करू लागले, बीबीसीकडे तक्रारींचा ओघ सुरू झाला, आणि वृत्तपत्रांनी असा काही गिल्ला केला की व्यवस्थापिका जूलिया मोर्ले यांनी चारच दिवसांत राजीनामा दिला. त्यावर त्यांचे पती एरिक मोर्ले यांनी पंचांच्या मतपत्रिका वार्ताहरांपुढे उघड्या केल्या. त्यांतून निघाले ते असे: नऊपैकी चौघांनी स्वीडनला पहिली पसंती दिली होती, ग्रेनाडाला दोघांनीच, परंतु दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतच्या पसंत्या होस्टनच्या पारड्यात इतक्या पडल्या होत्या की स्पर्धेच्या नियमाप्रमाणे तीच पहिली ठरत होती. पसंतिक्रमाने मते घेतली म्हणजे थोड्यांची उत्कट आवड आणि बहुतेकांची साधी मान्यता यांची फारकत होऊ शकते, हे बोर्दा आणि काँदोर्से या फ्रेंच गणितज्ञांनी अठराव्या शतकातच दाखवून ठेवलेले आहे. जूलियाबाई पुन्हा कामावर रुजू झाल्या.

गेरींनी त्या आसनावर बसावयास नको होते, हे मी निःसंदिग्धपणे म्हणतो. ज्याचा वाद त्यानेच निवाडा करू नये, हा न्यायाचा पहिला धडा आहे आणि राज्यकर्त्याला तो माहीत नसेल तर त्याने तो शिकून घ्यावा. परंतु या औचित्यभंगाचा दंड कोणाला झाला, ते पाहा. दंड गेरींना झाला नाही. बीबीसीमध्ये प्रशिक्षण घेतलेल्या आणि ब्रिटिश वेस्ट इंडियन एअरवेजमध्ये हवाईसुंदरी म्हणून नोकरी करणाऱ्या, स्वतःच्या हिमतीवर तिथवर आलेल्या एका मुलीच्या यशाला, तिने काहीही न करता, कायमचा संशयाचा डाग लागला. त्यापूर्वीच्या वर्षांत युरोपीय पंचांनी युरोपीय युवतींना मुकुट दिले, तेव्हा कोणी मतपत्रिका मागितल्याचे मला कुठे आढळले नाही. लहान देश हरला तर ते स्वाभाविक आणि जिंकला तर त्यात काही काळेबेरे असलेच पाहिजे, असा जो हिशेब मोठ्या देशांच्या मनात न बोलता मांडलेला असतो, तो गेरींच्या हावरेपणाने त्या रात्री अनायासे सिद्ध झाला.

वर्णाचा प्रश्न त्या रंगमंचावर यापेक्षाही उघडपणे उभा होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या क्रिकेट संघाचा इंग्लंडचा दौरा तरुणांच्या निदर्शनांमुळे रद्द करावा लागला होता. आपल्या स्पर्धेची तीच गत होऊ नये म्हणून मोर्ले पतिपत्नींनी एक अजब तोड काढली: दक्षिण आफ्रिकेहून नेहमीची गोरी स्पर्धक तर आलीच, शिवाय पर्ल जान्सेन या श्वेतेतर युवतीला ‘आफ्रिका साउथ’ असा पट्टा घालून वेगळी उभी केली. एकाच देशाचे दोन तुकडे, कातडीच्या रंगावरून, दोन नावांनी, एकाच व्यासपीठावर! वर्णद्वेषाला विरोध म्हणून वर्णभेदाचीच पद्धत अल्बर्ट हॉलमध्ये आयात करण्याइतका निर्विकार व्यवहारीपणा व्यापाऱ्यालाच साधतो. आणि नियतीची गंमत अशी, की ही पर्ल जान्सेन दुसरी आली, गोरी स्पर्धक पाचवी. इतर कोणत्याही दिवशी ही दुनियेभरची बातमी झाली असती. ग्रेनाडाच्या वादात ती बुडून गेली.

कॅरिबियन बेटांच्या लोकांना या वर्गवारीचे नवल वाटण्याचे कारण नव्हते, कारण ती त्यांच्या घरचीच होती. इंग्रजी अंमलाला तीनशे वर्षे झाली म्हणून जमैकात १९५५ साली जो उत्सव झाला, त्यात एका वृत्तपत्राने सौंदर्याच्या एक सोडून दहा स्पर्धा घेतल्या, कातडीच्या दहा छटांसाठी, आणि प्रत्येकीच्या विजेतीला झाडाचे, फुलाचे, फळाचे वा मसाल्याचे नाव दिले: गडद काळीला आबनूस, गोरीला सफरचंदाचा मोहर, चिनी वंशाच्या मुलीला कमळ आणि हिंदी वंशाच्या मुलीला चंदन. हेतू एकोप्याचा होता, यात मला शंका नाही. दहा जणींना एका रांगेत उभे करून ‘हीच आमच्यात सर्वांत सुंदर’ असे म्हणण्याचा धीर समाजाला नव्हता, म्हणून दहाही जणींना आपापल्या कप्प्यात अजिंक्य ठरवून मोकळे होण्याची ही युक्ती. शेजारच्या त्रिनिदादमध्ये एवढाही संकोच नव्हता. तिथे कार्निव्हलची राणी निवडताना वर्षानुवर्षे जवळजवळ गोऱ्या मुलीच निवडल्या जात आणि त्यांच्यावर बक्षिसांची खैरात होई. १९५६ साली ‘माइटी स्पॅरो’ या तरुण शाहिराने कॅलिप्सो गायनात पहिला क्रमांक मिळवला, तेव्हा त्याच्या हातावर चाळीस डॉलर ठेवण्यात आले. राणीच्या वाट्याला त्याच्या कितीतरी पटींनी अधिक. ज्याच्या गाण्यावर सारे शहर नाचत होते त्याने पुढल्या वर्षी स्पर्धेवर बहिष्कार घातला आणि त्या बहिष्कारावरही गाणेच रचले. हा स्पॅरो मूळचा ग्रेनाडाचा. तेथल्याच एका कोळ्यांच्या गावात त्याचा जन्म झाला होता.

अल्बर्ट हॉलमधील त्या रात्रीची आणखी एक कथा आहे आणि इंग्लंडात तीच अधिक सांगितली जाते. बीबीसीच्या प्रक्षेपणाच्या गाडीखाली आदल्या रात्रीच स्फोट झालेला होता. कार्यक्रमात बॉब होप हा अमेरिकन विनोदवीर आपले चुटके सांगत असता प्रेक्षागारात पांगून बसलेल्या तरुण स्त्रियांनी खुळखुळा वाजवून खूण केली, आणि पिठाचे पुडे, टोमॅटो व धुराचे गोळे यांचा वर्षाव सुरू झाला. स्त्रियांना बाजारात उभे करून त्यांचे मोजमाप घेणे आम्हांला मान्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. होप पळाला, काही क्षणांनी परतला आणि चार रागीट वाक्ये बोलला. सॅली अलेक्झांडर व इतर काहीजणींवर पुढे बो स्ट्रीटच्या न्यायालयात खटले चालले. ब्रिटनमध्ये स्त्रीमुक्तीची चळवळ घरोघर पोहोचली ती या रात्री, असे इतिहासकार मानतात, आणि सॅलीबाई स्वतःच पुढे इतिहासाच्या प्राध्यापिका झाल्या.

या स्त्रियांचे म्हणणे मूलतः बरोबर होते असे माझे मत आहे. अंगप्रत्यंगांचे आकडे निवेदकाने वाचून दाखवावेत आणि कोट्यवधी कुटुंबांनी ते जेवणाच्या वेळी ऐकावेत, या प्रकारात प्रतिष्ठा शोधण्यास फार सैल मन लागते. पण न्याय्य म्हणण्यालाही बसायला जागा लागते, आणि ती जागा त्या रात्री प्रेक्षागारात होती, रंगमंचावर नव्हती. ज्या मुलीच्या बेटावर विद्यापीठ नव्हते, जिच्या वर्णाच्या स्त्रीला लंडनच्या दुकानांच्या काचेआड कधी जागा मिळाली नव्हती, तिला त्या उजेडात उभे राहणे हा अपमान वाटावा अशी अपेक्षा करणे सोपे आहे. तिच्या जागी उभे राहून ती करणे अवघड आहे. चाळीस वर्षांनी बीबीसीने एका आकाशवाणी कार्यक्रमात होस्टनबाईंची आणि त्या निदर्शकांची गाठ घालून दिली, आणि पुढे २०२० साली त्यावर ‘मिसबिहेवियर’ नावाचा चित्रपटही निघाला.

बॉब होपचे नाव निघाले म्हणून एक आपल्या घरची आठवण सांगतो. १९६६ साली मिस वर्ल्ड झालेल्या, आणि तो मान मिळवणाऱ्या पहिल्या आशियाई, रीटा फारिया या मुंबईत वाढलेल्या गोवेकर कुटुंबातल्या. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्या वैद्यकाच्या विद्यार्थिनी होत्या. मुकुट मिळाल्यावर कंपनीच्या कराराप्रमाणे नाताळात त्यांना याच होपच्या ताफ्याबरोबर व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांची करमणूक करायला जावे लागले, आणि अलिप्ततेचे व्रत घेतलेल्या आपल्या देशात त्यावरून बराच गदारोळ झाला. वर्षाची मुदत संपताच फारियाबाई पुन्हा वैद्यकाकडे वळल्या आणि आयर्लंडमध्ये डॉक्टर म्हणून स्थिरावल्या. १९७० च्या नाताळात होस्टनही होपबरोबर व्हिएतनामला गेली. आपल्या देशाला त्या युद्धाविषयी काय वाटते हे भारताला निदान सांगता येत होते; ग्रेनाडाला परराष्ट्रधोरणच नव्हते, त्यामुळे त्याच्या मुलीने कोणाच्या छावणीत जावे हा प्रश्न विचारणारे खातेही नव्हते.

गेरी सरकारने या विजयाचा उपयोग मात्र कसून करून घेतला. १९७१ साली होस्टनच्या चित्रांच्या टपाल तिकिटांची मालाच काढण्यात आली. लहान देशांना तिकिटे हा महसुलाचा एक खरा मार्ग असतो, आणि पत्र कोणी पाठवो न पाठवो, परदेशचे संग्राहक ती विकत घेतात. १९७४ च्या ७ फेब्रुवारीला, सार्वत्रिक संपाच्या छायेत, ग्रेनाडा स्वतंत्र झाले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांत दाखल झाले. पट्ट्यावरचे नाव ध्वजावर यायला अशी सव्वातीन वर्षे लागली. १९७८ साली गेरींनी होस्टनबाईंना कॅनडात उच्चायुक्त नेमले. ज्या बेटाला आठ वर्षांपूर्वी एकही वकिलात उघडण्याचा अधिकार नव्हता, त्याच्या ओटावातील वकिलातीत आता माजी मिस वर्ल्ड बसली होती. पुढल्या मार्चात गेरी न्यूयॉर्कला गेले असता मॉरिस बिशप यांच्या क्रांतिकारी पक्षाने सत्ता घेतली. नव्या राजवटीला सौंदर्यस्पर्धांचे प्रेम असण्याचे काही कारण नव्हते. तरी होस्टनबाई १९८१ पर्यंत त्याच पदावर राहिल्या. त्या नुसत्या शोभेच्या असत्या तर गेरींच्या पाठोपाठ त्यांचीही रवानगी झाली असती. त्यांनी पुढे ओटावात आंतरराष्ट्रीय संबंधांचा पदव्युत्तर अभ्यास केला, पूर्व कॅरिबियन राज्यांच्या संघटनेला व्यापारविषयक सल्ला दिला, आणि कॅनडाच्या सेवेत ढाक्यालाही काम केले. बिशप यांची हत्या १९८३ च्या ऑक्टोबरात झाली आणि आठवड्याच्या आत अमेरिकन फौजा बेटावर उतरल्या. ग्रेनाडाचे नाव मोठ्या जगाला पुन्हा ऐकू आले ते असे.

लहान राज्यांनी यातून काय उचलले, हे पाहावयाचे तर त्रिनिदादकडे वळावे लागते. १९७७ साली जॅनेल पेनी कमिसिओंग ही तेथली युवती मिस युनिव्हर्स झाली, त्या दुसऱ्या, अमेरिकन स्पर्धेचा मुकुट मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय. कार्निव्हलच्या राण्या ज्या देशात गोऱ्या निवडत, त्याच देशाने तिला ‘ट्रिनिटी क्रॉस’ हा आपला तेव्हाचा सर्वोच्च किताब दिला. १९९८ साली वेंडी फिट्झविल्यम ही कायद्याची विद्यार्थिनी तोच मुकुट घेऊन आली, आणि त्या भरात बासदेव पांडे यांच्या सरकारने पुढल्या वर्षीची स्पर्धाच त्रिनिदादला भरवण्याचे मनावर घेतले. जागा निवडली चागुआरामास. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी ही किनारपट्टी, बेटवाल्यांना न विचारता, अमेरिकन आरमाराला भाडेपट्ट्याने दिली होती. ती परत मिळावी म्हणून १९६० साली तेथले तेव्हाचे नेते एरिक विल्यम्स यांनी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये भर पावसात मोर्चा काढला होता, आणि त्रिनिदादच्या स्वातंत्र्याच्या इतिहासात त्या मोर्चाला मानाचे पान आहे. इतक्या झगड्याने परत मिळवलेली जमीन एका अमेरिकन कंपनीच्या करमणुकीला सजवून देताना सरकारने पर्यटनाच्या भरभराटीचे हिशेब मांडले, विरोधकांनी शाळा आणि दवाखान्यांचे हिशेब विचारले, आणि खर्चावरचा वाद स्पर्धा संपल्यावरही पुष्कळ दिवस चालू राहिला. त्रिनिदादच्या खर्चाने भरलेल्या त्या सोहळ्यात मुकुट गेला बोत्सवानाच्या म्पुले क्वेलागोबे हिच्याकडे. बोत्सवानाने त्या स्पर्धेत स्पर्धक पाठवण्याची ती पहिलीच वेळ होती.